सामाचा मांडव

फार पूर्वी अरुणवती नगरीत कालिसेन राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्वाने एका माळ्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. नगराच्या उत्तर दरवाजाबाहेर नदीकाठी त्याचा मळा होता आणि मळ्यातच घर. घरात तो, बायको रेवती आणि एकुलती एक मुलगी सामा, एवढीच माणसे.

मळा उताराचा होता. खाली नदीलगतच्या गाळात मुळा, आले आणि हळद होत असे, मधल्या अंगाला केळीची बाग होती. घरामागे टेकाडावर एक चिंचोळा तुकडा तेवढा पडीक राहिला होता. तो सामाने बापाकडून मागून घेतला. पावसाळ्याच्या तोंडावर तिने तो स्वतः खणला, दगड वेचून बांधाला लावले, बांबू रोवून मांडव घातला. आईने राखेत घोळून ठेवलेले बी तिने मागून घेतले आणि मांडवाच्या पायथ्याशी पडवळ, दुधी, दोडकी लावली. खाली वांगी, कुंपणावर वाल, आणि कडेच्या उकिरड्यावर कोहळ्याचा एक वेल सोडून दिला.

रेवती चेष्टेने म्हणे, "अगं, टेकाडावर पाणी कोण चढवणार?"

"मी आहे ना," सामा म्हणे, आणि घडा कमरेवर घेऊन चालू लागे.

वेल मांडवावर चढले. पांढरी फुले आली, पुढे बोटभर फळे धरली. रेवती दळायला बसली की तिला मांडवाखालून पोरीचा आवाज ऐकू येई. सामा वेलांशी बोलत असे.

त्या वर्षी श्रावणात नदीला मोठा पूर आला. नदी एका रात्रीत खालचा सगळा मळा घेऊन गेली. केळी उन्मळल्या, हळद वाहून गेली, नगराभोवतीच्या साऱ्या मळ्यांची तीच गत झाली. टेकाडावरचा सामाचा तुकडा तेवढा वाचला. नदीच्या वळणावर नावाड्यांची वस्ती होती, तिथे पाणी आढ्यापर्यंत चढले. तिस्सा नावाच्या बाईचा नवरा लोकांना नावेत घालून काठाला आणत होता. बरीच माणसे त्याने आणली. शेवटच्या खेपेला गेला तो परत आला नाही.

पूर ओसरला आणि वस्तीत ताप शिरला. तिस्साची मुलगी पदुमा अंथरुणाला खिळली. आठ-नऊ वर्षांची पोर. सामाच्या मागे मागे मळ्यात हिंडायची, तिच्या परकराचे टोक धरून चालायची. बातमी कळताच सामा निघाली.

रेवतीने दारात तिला अडवले. "त्या वस्तीत जाऊ नकोस. घराघरात ताप आहे."

"आई, तिस्साकाकू एकटी आहे. सबंध दिवस ती मासळी विकायला जाते. पोरीला पाणी द्यायलाही कुणी नाही."

"तिचं तिला बघू दे."

 सामाने बापाकडे पाहिले. रेवतीही त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही तरी सांगा तिला."

सोमिलने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "संध्याकाळी घरी येत जा. हातपाय धुतल्याशिवाय आत येऊ नकोस."

सामा रोज जाऊ लागली. पदुमाचा ताप उतरला आणि सामाला चढला. रेवतीने डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, वैद्याने काढे दिले, सोमिल उशाशी बसून राहिला. भाद्रपदाच्या एका सकाळी, मांडवावरची पहिली पडवळे हातभर लांब झाली असताना, सामा गेली.

रेवतीने त्या दिवशी आक्रोश केला तो केलाच. नंतर ती गप्प झाली, आणि तिचे गप्प बसणे घराला जास्त जड वाटू लागले. ती चूल पेटवी, नवऱ्याला वाढी, त्याच्या प्रश्नांना हो-नाही म्हणे. एकदाच ती त्याला म्हणाली, "तुम्ही तिला अडवलं नाहीत."

सोमिल म्हणाला, "नाही अडवलं."

याहून अधिक तो बोलला नाही. तिला वाटले होते तो काही कारण सांगेल, मग आपण भांडू. पण भांडायलाही त्याने जागा ठेवली नाही, याचाही तिला राग आला.

इकडे टेकाडावर भाजी तयार झाली. एके दिवशी सकाळी सोमिल टोपली घेऊन मांडवाकडे गेला. रेवती घरातून धावत आली आणि मध्ये उभी राहिली.

"हात लावू नका. तिनं लावलंय हे. ती नाही, तर कुणीच तोडायचं नाही."

सोमिलने टोपली खाली ठेवली. त्याच दुपारी रेवतीने बाभळीच्या फांद्या ओढत आणल्या आणि त्या तुकड्याभोवती काट्यांचे कुंपण घातले. तो पाहत होता. एक फांदी तिला उचलेना, तेव्हा त्याने दुसरे टोक धरले.

दिवस गेले. वेल थांबत नव्हते. दुधी मांडीएवढे झाले, दोडकी फुगली, वांग्यांची झाडे भाराने जमिनीला टेकली. ओझ्याने मांडव एका अंगाला कलला. सोमिल रोज सकाळी बेचक्याची एखादी काठी तासून आणी आणि कुंपणाच्या बाहेरून हात घालून मांडवाला टेकू देई. फळाला मात्र त्याने बोट लावले नाही. रेवती दिवसभर कुंपणाशी बसून पोपट हाकलत असे. कुणाच्याही तोंडी ते फळ जाऊ नये, असे तिला वाटे. पाखराच्याही नाही.

पुरामुळे नगरात भाजीपाल्याचा दुष्काळ पडला होता. राजवाड्याच्या बागाही गाळाखाली गेल्या होत्या. टेकाडावरचा हिरवा मांडव दुरून दिसत असे. एके दिवशी राजाच्या पाकशाळेचा अधिकारी माणसे घेऊन मळ्यात आला. घोड्यावरून उतरून त्याने मांडव पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला.

"माळीदादा, नशीब काढलंस! हे सगळं राजवाड्यावर पाठव. महाराजांना महिनाभरात ताजी भाजी मिळालेली नाही. राजाच्या बागांचा मुख्य माळी म्हणून तुझं नाव मी आजच सुचवतो. नगरात घर मिळेल, धान्य मिळेल. हा वाहून गेलेला मळा घेऊन काय करणार आहेस?"

रेवती दारामागे उभी राहून ऐकत होती. घरातले धान्य तळाला गेले होते, हे तिला ठाऊक होते. तिला वाटले, आता हा हो म्हणेल. कोणीही म्हणेल.

सोमिल म्हणाला, "ही भाजी माझी नाही. माझ्या मुलीची आहे."

"मग तिला विचार."

"ती भाद्रपदात गेली."

अधिकारी गोंधळला. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "वाईट झालं. पण मग आता ही तुझीच नव्हे का?"

"अजून नाही," सोमिल म्हणाला. "माझ्या बायकोचं दुःख या भाजीच्या राखणीला बसलं आहे. ते उठेपर्यंत मी तोडू शकत नाही. आणि राजाची माणसं मला ढकलून आत शिरणार नाहीत, अशी माझी प्रार्थना आहे."

अधिकाऱ्याने काट्यांच्या कुंपणाकडे पाहिले. त्यालाही मुली असाव्यात. तो घोड्यावर बसून निघून गेला. पण नगरात गोष्ट पसरली आणि लोक म्हणू लागले, पोरीबरोबर सोमिल माळ्याचे शहाणपणही गेले. पिकलेली भाजी कुजू देतो आणि राजाला नाही म्हणतो. हे बोलणे रेवतीच्याही कानावर आले. तिला एकटीला समजले की ते बोल आपल्या वाट्याचे आहेत आणि नवरा ते आपल्या डोक्यावर घेतो आहे. तरी तिने कुंपण काढले नाही. काढले तर सामा गेली, हे खरे झाले असते.

त्यानंतर एका दुपारी सोमिल बांबू आणायला रानात गेला होता. रेवती कुंपणाशी बसली होती. पायवाटेने कुणीतरी येताना दिसले. जवळ आल्यावर तिने ओळखले. तिस्सा होती. वाळून काटकी झाली होती. ती कुंपणापासून दूरच थांबली.

"ताई," ती म्हणाली, "पदुमाला अन्न पचत नाही. ताप गेला पण पोटात काही ठरत नाही. वैद्य म्हणतात पडवळाचं कढण द्या, दुसरं काही नको. मी सगळं नगर पालथं घातलं. एक पडवळ दिलंत तर..."

रेवती उठली. इतके दिवस आत दाबून ठेवलेले तिच्या तोंडून बाहेर आले.

"तुझी जगली. माझी गेली. तुझ्या पोरीच्या अंथरुणाशी बसली म्हणून गेली. आणि आता तिनं लावलेलं फळही तुझ्याच पोरीच्या तोंडात घालू? तुला यायला लाज कशी वाटली नाही?"

तिस्साचे ओठ हलले. ती काहीतरी सांगणार होती. पण रेवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहताना पाहून ती थांबली. तिने खाली वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि आल्या वाटेने परत गेली.

संध्याकाळी सोमिल आला. रेवतीने त्याला काही सांगितले नाही.

थोड्याच दिवसांनी नदीकाठच्या वाटेने चार-सहा माणसे जाताना दिसली. एकाच्या हातांवर पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेले काहीतरी होते. ते इतके लहान होते की त्याला खांदे लागत नव्हते. मागे तिस्सा चालत होती. सोमिलने हातातले काम टाकले आणि तो त्या माणसांना जाऊन मिळाला. रेवती मांडवाजवळच उभी राहिली. 

सोमिल परत आला तेव्हा त्याचे केस ओले होते. तो ओसरीवर बसला. रेवतीने त्याला पाणी दिले आणि त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसली.

"ती आली होती," ती म्हणाली. "पदुमासाठी पडवळ मागायला. मी दिलं नाही. वाटेल ते बोलले आणि हाकलून दिलं."

सोमिलने भांडे खाली ठेवले.

"बोला ना काहीतरी," रेवती म्हणाली. "मला दोष द्या. मारलं तरी चालेल."

"दोष दिला तर तुझं आजचं ओझं थोडं उतरेल," तो सावकाश म्हणाला. "पण मी खरं बोललो असं होणार नाही. पोर फार थकली होती. वैद्याने शेवटी आशा सोडली होती. एका पडवळानं ती वाचली असती का? मला माहीत नाही, रेवती. तुलाही ते कधी कळणार नाही."

 तो पुढे बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता असा झाला.

"त्या दिवशी दारात मी सामाला अडवलं असतं तर ती आज असती का? तेही मला माहीत नाही. रोज सकाळी मी तोच प्रश्न घेऊन उठतो. तू विचारलंस तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून गप्प बसलो. आजही नाही."

रेवतीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. घरात आपण एकटीच शोक करतो आहोत असे तिने धरले होते. टेकू लावणारे हे हात रोज सकाळी काय घेऊन कुंपणापाशी येत होते, ते तिने कधी पाहिलेच नव्हते. ती त्याच्या जवळ सरकली आणि सामा गेल्यानंतर पहिल्यांदा ती दोघे एकमेकांना धरून रडली.

बऱ्याच वेळाने सोमिल म्हणाला, "वस्तीत अजून पोरं आजारी आहेत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच रेवती टेकाडावर गेली आणि बाभळीच्या फांद्या ओढून काढू लागली. हातांत काटे घुसले. सोमिल कोयता आणि टोपल्या घेऊन आला. तो तिला थांब म्हणाला नाही. तिच्या शेजारी उभा राहून तोही फांद्या काढू लागला.

मग ती दोघे मांडवाखाली शिरली. वरून हिरवा दिसणारा मांडव आतून वेगळाच होता. जी पडवळे तोडायला सामा असायला हवी होती, ती पिकून केशरी झाली होती आणि उकलून त्यांतून लाल गर लोंबत होता. दुधी लाकडासारखे टणक झाले होते, नखसुद्धा रुतेना. दोडकी वाळून आत नुसती जाळी उरली होती. पिवळी पडलेली वांगी हात लावताच देठासकट गळत आणि मुंग्या बाहेर पडत. रेवती एकेक फळ हातात घेई, दाबून पाही आणि बाजूला ठेवी. बाजूला ठेवलेल्यांचा ढीग वाढत गेला. त्या ढिगात किती घरांचे जेवण होते, ते ती जाणत होती.

"हे माझ्यामुळं," ती म्हणाली.

"शेंड्याकडे बघ," सोमिल म्हणाला. "नवी धरलेली फळं तिकडे आहेत."

वेलांच्या शेंड्यांना खरोखरच उशिराची कोवळी फळे होती. काही पडवळे हातभर लांब आणि मऊ होती. जुन्या कुंपणावर वाल लगडले होते. उकिरड्यावर, पानांखाली, पांढऱ्या भुकटीने माखलेले कोहळे निजले होते. त्यांना मात्र उशिरामुळे काही झाले नव्हते. सोमिल वरची फळे कोयत्याने उतरवी आणि रेवती दोन्ही हातांनी झेली. खाली पडू दिली नाहीत. टोपल्या भरल्या तशी तिने सर्वांत कोवळी पडवळे एका वेगळ्या टोपलीत पाने अंथरून ठेवली आणि ती टोपली स्वतः डोक्यावर घेतली.

तिस्सा झोपडीच्या दारात बसली होती. रेवतीने टोपली तिच्यासमोर उतरवली. तिस्साने त्या पडवळांकडे पाहिले.

"आता कुणासाठी?" ती म्हणाली.

 रेवती धुळीत तिच्याशेजारी बसली.  मग तिस्सा टोपलीकडे बघत बोलू लागली.

"सामानं पदुमाला सांगितलं होतं, लवकर बरी हो. माझ्या मांडवावरचं पहिलं पडवळ तूच तोडायचंस. मी तुला उचलून धरीन. पोर तापात तेच बरळायची. मला उचला, मला उचला म्हणायची."

रेवती तिच्याकडे वळली. "त्या दिवशी का नाही सांगितलंस? हे सांगितलं असतंस तर मी..."

"तुम्ही रडत होतात, ताई," तिस्सा म्हणाली. "लेक गेलेल्या आईला मी काय सांगणार, की तुझ्या लेकीनं माझ्या लेकीला शब्द दिलाय?"

रेवतीने तिच्या पायांवर डोके ठेवले. तिस्साने ते उचलले नाही आणि दूरही सारले नाही. तिचा हात रेवतीच्या केसांवर जरासा टेकून राहिला. शेवटी ती उठली आणि तिने टोपलीचा एक कान धरला.

"चला. पलीकडे दोन घरांत पोरं तापानं पडलीत. ऊन चढलं की कोवळी भाजी सुकते."

रेवतीने दुसरा कान धरला. त्या दिवशी दोघींनी मिळून वस्तीत दारोदार भाजी वाटली. सोमिल मागून कोहळ्यांच्या टोपल्या आणत राहिला. पुढे वाल संपेपर्यंत हे रोज चालले. आजारी मुलांतली काही उठून हिंडू-फिरू लागली, काही उठली नाहीत.

जी फळे खाण्यापलीकडे गेली होती, त्यांचे बी सोमिलने धुऊन वाळवले आणि पुरात बी-बियाणे वाहून गेलेल्या घरांना दिले. पण उशीर झाला हे बरेच झाले, असे तो रेवतीला कधीही म्हणाला नाही. ते खरे नव्हते. रेवतीने पुन्हा जन्मात पडवळ खाल्ले नाही. मात्र दर पावसाळ्यात ती ते लावीत असे, आणि पहिली तोडणी करायला तिस्सा येई. दोघी फारसे बोलत नसत. यथाकाल ती सर्व माणसे आपापल्या कर्मांप्रमाणे पुढच्या गतीला गेली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, श्रावस्तीजवळच्या विहारात सांगितली. नगरातल्या एका बाईने मुलगा गेल्यापासून दार लावून घेतले होते आणि शेजारणी तिला बोल लावीत होत्या. तिला जाऊन काय सांगावे, असे भिक्षुणींनी विचारले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "पाकशाळेचा तो अधिकारी म्हणजे आज ह्या विहाराला धान्य देणारा उपासक. त्या वेळची तिस्सा म्हणजे भिक्षुणी धीरा. रेवती म्हणजे वृद्ध भिक्षुणी सुमुत्ता, जी आजाऱ्यांच्या खोलीचा उंबरठा सोडीत नाही. सामा आणि पदुमा म्हणजे त्या मागे एका चटईवर बसलेल्या दोन लहान श्रामणेरी, शिकाऊ भिक्षुणी, ज्या कितीही सांगितले तरी वेगळ्या बसत नाहीत. आणि सोमिल माळी मीच होतो."

सुमुत्ता हळूच वळली आणि मागे पाहू लागली. आपल्याकडे सगळे का पाहत आहेत हे न कळून त्या दोघी पोरी एकमेकींना बिलगल्या.

शास्ते पुढे म्हणाले, "त्या बाईच्या दारापाशी जाऊन बसा. तिला उठ म्हणू नका, आणि तिला एकटीही सोडू नका. त्या जन्मी मी पूर्ण केली ती हीच क्षांतिपारमिता, सहनशीलतेची परिपूर्णता."